शनिवारी रात्री साडेनऊची आमची बैठक

शनिवारी रात्री ९.३० वाजता दांडिया बाजारातल्या घरी मी हेडसेट कानावर चढवतो, तेव्हा टोरांटोत दुपारचे बारा वाजलेले असतात आणि तिथला माझा मित्र आठवड्याचे कपडे नुकतेच मशीनला लावून बसलेला असतो. दुसरा मित्र पुण्यात आहे. तिसरा इथेच वडोदऱ्यात, मांजलपूरला राहतो, म्हणजे मनात आणले तर थोड्या वेळात दारात उभा राहील; पण नोकरी, मुलांचे अभ्यास आणि घरातली आजारपणे यांतून आमची प्रत्यक्ष भेट वर्षातून चार-पाच वेळाच होते. शाळेत चौघे एका वर्गात होतो. २०१९ पासून दर शनिवारी आम्ही कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेमच्या यंत्रावर, आपापल्या घरून एकत्र खेळतो आणि हा शनिवार सहसा चुकवलेला नाही.

मध्यंतरी एका मुंजीच्या पंगतीत शेजारी बसलेल्या नातेवाइकांनी मला विचारले की, खेळायचे तर खेळा, पण खेळताना बोलत बसायची काय गरज, त्याने वेळ दुप्पट जातो. त्यांचा हेतू वाईट नव्हता. पंगतीत मला नीट उत्तर देता आले नाही, म्हणून ते इथे देतो. आमच्या बाबतीत बोलणे हीच मुख्य गोष्ट आहे. उद्या कन्सोलवरून मित्रांशी बोलण्याची सोय बंद झाली, तर मी कन्सोल विकून टाकेन.

वडोदऱ्यात वाढलेल्या कोणालाही हे उत्तरायणाच्या उदाहरणाने लगेच कळावे. १४ जानेवारीला गच्चीवर पतंग उडवणारा एक असतो आणि त्याच्या मागे मांज्याची फिरकी धरून दुसरा उभा असतो. उडवणाऱ्याची नजर वर खिळलेली असते, त्यामुळे डावीकडून कोणाचा पतंग येतो आहे, मांजा कुठे अडकतो आहे, ढील द्यायची की लपेटायचे, हे सगळे फिरकीवाला सांगतो आणि दिवसभर दोघांचे बोलणे थांबत नाही. एकट्याने फिरकी पायात धरूनही पतंग उडवता येतो, नाही असे नाही. पण तसा उडवणारा माणूस गच्चीवर फार वेळ टिकलेला मी पाहिलेला नाही.

आम्ही बहुतेक वेळा ‘ओव्हरकुक्ड’ खेळतो. पडद्यावर एक अशक्य स्वयंपाकघर असते, मागण्या भराभर येत राहतात, प्रत्येक मागणीला वेळेची मर्यादा असते आणि चार आचाऱ्यांनी मिळून चिरणे, शिजवणे, वाढणे आणि ताटल्या धुणे एवढे सगळे उरकायचे असते. मुक्याने खेळलात तर दोघे जण एकच कांदा चिरायला धावतात आणि भात खाली लागतो. बोलत खेळलात तर पुण्याचा मित्र भात उतरवण्याआधीच टोरांटोचा ताटली घेऊन हजर होतो. ‘रॉकेट लीग’ या गाड्यांनी खेळायच्या फुटबॉलमध्ये बटण दाबून पाठवायची तयार वाक्ये आहेत, त्यांतले ‘व्हॉट अ सेव्ह’ हे खरे तर गोल अडवणाऱ्याच्या कौतुकासाठी ठेवलेले. पण गोल खाल्लेल्या माणसाला डिवचण्यासाठीच ते सर्रास वापरले जाते, कारण लिहिलेल्या वाक्याला सूर नसतो. तेच वाक्य मित्राच्या तोंडून कानावर पडले की, तो मनापासून म्हणतो आहे की चिडवतो आहे, हे पहिल्या शब्दालाच समजते.

ही सोय आज इतकी सवयीची झाली आहे की ती कशी घडत गेली याचा विसर पडतो. मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २००२ मध्ये आपल्या एक्सबॉक्स या कन्सोलसाठी एक्सबॉक्स लाइव्ह ही ऑनलाइन खेळण्याची सेवा सुरू केली, तेव्हा सुरुवातीच्या संचातच हेडसेट दिला होता, म्हणजे कन्सोलवर लांबच्या माणसाशी खेळायचे तर त्याचा आवाज हवा, हे त्यांनी पहिल्या दिवसापासून धरून चालले होते. त्याहून मोठे पाऊल मला २००८ चे वाटते. त्या वर्षी एक्सबॉक्स ३६० वर आठ जणांचा गट करून बोलण्याची सोय आली आणि त्या गटातले लोक वेगवेगळे खेळ खेळत असले तरी बोलणे चालू राहू लागले. सामना संपला की माणसेही पांगली, असे मग राहिले नाही. सोनीच्या प्लेस्टेशन ३ वर अशी सोय अखेरपर्यंत नव्हती, ती २०१३ मध्ये प्लेस्टेशन ४ बरोबर आली.

आमची अडचण वेगळीच होती. आम्हा तिघांकडे प्लेस्टेशन आणि कॅनडातल्याकडे एक्सबॉक्स. खेळ एकत्र खेळता यायचा, पण दोन कंपन्यांच्या गटांत एकमेकांशी बोलता येत नसे. त्यामुळे आम्ही कितीतरी शनिवार एका कानात फोनचा इअरफोन आणि दुसऱ्या कानाने टीव्हीचा आवाज, असे काढले आहेत. फोन मांडीवरून घसरला की चौथा माणूस सोफ्याच्या फटीतून बोलू लागायचा. डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवरचे बोलणे सप्टेंबर २०२२ मध्ये एक्सबॉक्सवर आणि मार्च २०२३ मध्ये प्लेस्टेशन ५ वर आले, तेव्हा ही कसरत संपली. त्या रात्री आम्ही खेळ सुरूच केला नाही, नुसते एकमेकांचे स्वच्छ आवाज ऐकत बसलो.

काही महिने मात्र माझा आवाज कोणालाच जात नव्हता. माझ्या इंटरनेट पुरवठादाराने इंटरनेटवरचा एकच सार्वजनिक (आयपी) पत्ता अनेक घरांत वाटून दिला होता, त्यामुळे कन्सोल ‘नॅट टाइप ३’, म्हणजे जोडणी बंदिस्त आहे, असे दाखवायचा आणि बाहेरून येणारी जोडणी माझ्यापर्यंत पोहोचतच नसे. राउटरमध्ये कितीही पोर्ट, म्हणजे जोडणी आत येण्याच्या वाटा, उघडले तरी उपयोग नव्हता, कारण अडथळा त्यांच्या बाजूला होता. तक्रार केली की ‘तुमचा वेग तर बरोबर येतो आहे’ हे उत्तर ठरलेले. वेग बरोबरच होता. एका माणसाच्या आवाजाला सेकंदाला ६४ किलोबिट धरले तरी तासाला जेमतेम २९ एमबी होतात, एवढ्यासाठी वेग लागतो कशाला? शेवटी स्वतंत्र सार्वजनिक पत्त्याचे वेगळे पैसे भरले, तेव्हा माझा आवाज मित्रांपर्यंत गेला. ज्यांना हीच अडचण येत असेल, त्यांनी वेगाचा मोठा प्लॅन घेण्याआधी पुरवठादाराला या पत्त्याबद्दल विचारावे.

आता ज्या प्रसंगामुळे हे सगळे लिहावेसे वाटले तो सांगतो. गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी टोरांटोच्या मित्राची आई, आमच्या काकू, जेवणानंतर शतपावली करत चकल्यांचा डबा घेऊन आमच्याकडे आल्या. माझ्या ओळखीचे एक जण कॅनडाला निघाले होते, त्यांच्याबरोबर तो पाठवायचा होता. मी हेडसेट लावून ओरडत होतो. कोणाशी बोलतोस, म्हणाल्या. मी म्हटले, “तुमच्याच मुलाशी.” मित्राला सांगितले की, काकू आल्या आहेत, आवाज टीव्हीवर घेतो आहे. हेडसेट काढून ठेवला आणि खोलीत त्याचा आवाज भरला. “आई, बस जरा, एवढा डाव संपू दे,” तो म्हणाला, आणि लगेच पुण्याच्या मित्रावर खेकसला, “ताटल्या कोण धुतोय?”

काकू सोफ्याच्या कडेवर बसल्या. “घरी कधी एक पेला विसळला नाहीस,” त्या टीव्हीकडे बघून म्हणाल्या. डाव चालूच राहिला. दर रविवारी मायलेकांचा व्हिडिओ कॉल होतो, तो मला ठाऊक आहे: जेवलास का, थंडी किती आहे, नोकरी कशी आहे, सगळे ठीक आहे, आणि चार मिनिटांत दोघेही एकमेकांच्या चेहऱ्याकडे बघत गप्प. त्या रात्री मात्र कांदा चिरता चिरता त्याने, कोणी विचारलेले नसताना, सांगून टाकले की त्याला रात्रपाळीच्या गटात टाकले आहे, दिवसा झोप येत नाही आणि फोडणी करण्याचा कंटाळा येतो म्हणून तो बरेच दिवस नुसता दहीभात खातो आहे. काकूंनी तेव्हा उपदेशाचा एक शब्द काढला नाही. डब्याच्या झाकणावर हात ठेवून वीस-पंचवीस मिनिटे ऐकत राहिल्या. दुसऱ्या दिवशी भाजी घेताना भेटल्या तेव्हा म्हणाल्या, “त्याला झोप लागत नाही, हे मला तुमच्या त्या ताटल्या धुण्यात कळले रे.”

आपल्या आज्या जात्यावर बसून ओव्या म्हणत, तेव्हा सासरचे, माहेरचे, कधी कोणाजवळ न बोललेले सगळे त्या ओवीत येत असे, कारण हात खुंट्याला गुंतलेले असत आणि समोरची बाई डोळ्यांत बघत नसे. कन्सोलवर खेळताना नेमके हेच होते, असे माझे मत आहे. फोन केला की काहीतरी कारण लागते. व्हिडिओ कॉलवर चेहरा सांभाळावा लागतो. मेसेजच्या गटात शांतता दिसतच नाही, तिथे न बोलणारा माणूस नाहीसाच होतो. हेडसेटमध्ये मात्र कोणी दहा मिनिटे बोलले नाही तरी त्याचा श्वास, त्याच्या घरातला पंखा, मागे झालेली कुकरची शिट्टी ऐकू येत असते. पुण्याच्या मित्राचे लग्न मोडायच्या बेतात आहे, हे आम्हाला त्याच्या अशाच गप्प राहण्यातून आधी कळले. पुरुषांना मित्रांजवळ मन मोकळे करता येत नाही, अशी तक्रार आपण नेहमी ऐकतो. निदान आम्हा चौघांना ते हातात कंट्रोलर असताना जमले आहे.

आणखी एक गोष्ट वडोदऱ्याच्या मराठी माणसालाच कळेल. माझा दिवस ऑफिसात गुजरातीत आणि हिंदीत जातो, मुले शाळेतून इंग्रजी घेऊन येतात, आणि घरातले मराठीही कामापुरते होत चालले आहे. मित्रांबरोबर खेळताना, घाईत, रागात, आनंदात जे तोंडातून निघते ते मात्र मराठी असते, त्यात ओटला, फिरकी असे इथल्या गुजरातीतले शब्दही असतात, पण शिवी आणि शाबासकी दोन्ही मराठी. टोरांटोचा मित्र म्हणतो की आठवड्यात सलग दोन तास मराठी तो एवढेच बोलतो.

अनोळखी लोक खेळायला जमतात त्या खुल्या लॉबीबद्दल मी यातले काहीही म्हणत नाही. तिथे अर्वाच्य भाषा फार चालते, मुलींचा आवाज ऐकू आला की त्या भाषेचा रोख बदलतो आणि लहान मुलांना तिथे मोकळे सोडू नये, हे माझे ठाम मत आहे. मुलाच्या खात्यावर फक्त मित्रांशीच बोलता येईल अशी मर्यादा पालकांना प्लेस्टेशनवर आणि एक्सबॉक्सवर घालता येते. माझ्या मुलाच्या खात्यावर ती आहे आणि त्याच्या गटातली मुले मला नावानिशी माहीत आहेत. पण त्याने हेडसेट लावला म्हणून ‘बडबड बंद कर आणि गुपचूप खेळ’ असे मी त्याला कधीच म्हणणार नाही.

नोव्हेंबरात टोरांटोतली घड्याळे एक तास मागे जातील. मग आमचे ९.३० त्याच्याकडे सकाळचे अकरा असतील आणि कपडे त्याला लवकर लावावे लागतील. काकूंना मी तसे सांगून ठेवले आहे.