तारे जोडीने जन्मतात, म्हणून भाचीने लग्न करावे काय?

गेल्या आठवड्यात आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप समूहावर एकच संदेश तीन वेळा आला आणि तिसऱ्या वेळी तो खुद्द माझ्या थोरल्या बहिणीने, म्हणजे अक्काने, आपल्या 31 वर्षांच्या लेकीचे नाव घालून पाठवला. संदेशाचा आशय असा : प्रत्येक तारा जोडीनेच जन्मतो हे ‘नासा’ने सिद्ध केले आहे; आकाशातील 85 टक्के तारे जोडीत राहतात; आपल्या सूर्याचाही एक हरवलेला जोडीदार असून तो ठरावीक काळाने परतून पृथ्वीवर संहार घडवतो; वसिष्ठ-अरुंधती एकमेकांभोवती फिरतात हे ऋषींना ठाऊकच होते; आणि म्हणून अविवाहित राहणे हे सृष्टीच्या नियमाविरुद्ध आहे. भाचीने त्यावर काही उत्तर दिले नाही. मी देतो, कारण सोलापुरात मुलांना पदार्थविज्ञान शिकवण्यात माझी तीस वर्षे गेली आहेत आणि ही शेवटची ओळ वाचून मला गप्प बसवत नाही.

प्रथम तीच ओळ घेऊ. तारे लांबून चालत येऊन एकमेकांना पसंत करीत नाहीत. अतिथंड वायू आणि धूळ यांच्या ढगातील एखादा दाट गाभा स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने आकसत जातो, आकसताना कधी त्याचे दोन किंवा अधिक तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकड्याचा एक तारा होतो. कधी नवजात ताऱ्याभोवतीची वायूची तबकडीच फुटून दुसरा तारा घडतो. म्हणजे ज्यांना हा संदेश पती-पत्नी म्हणतो ते एकाच गर्भातले जुळे आहेत, आणि ही उपमा ज्याला सुचली त्याने ती लग्नाच्या बोलणीत वापरण्यापूर्वी क्षणभर थांबायला हवे होते. शिवाय जे तारे फार जवळ राहतात त्यांच्यात पुढे एक दुसऱ्याचे द्रव्य ओढून घेतो, क्वचित दोघे एकमेकांत विलीनही होतात. हा संसाराचा आदर्श म्हणून कुणाला सांगावा असे मला वाटत नाही. आणि हे उपदेश कुठे चालले आहेत, तर ज्या गावाचे ग्रामदैवत असलेल्या सिद्धरामेश्वरांनी स्वतः विवाह केला नाही, कुंभारकन्येला आपल्या योगदंडाशी लग्न लावण्याची संमती दिली, आणि ज्यांच्या त्या निर्णयावर आपण सारे दर संक्रांतीच्या यात्रेत भक्तिभावाने अक्षता टाकतो, त्या गावात.

आता जे थोडेफार खरे आहे ते नाइलाजाने मान्य करतो. 2017 साली सारा सॅडव्हॉय आणि स्टीव्हन स्टाहलर या दोन संशोधकांचा एक निबंध प्रसिद्ध झाला आणि संदेशाचे मूळ बहुधा त्याच्याच बातम्यांत आहे. कृत्तिकांच्या उत्तरेला, ययाती तारकासमूहात सुमारे 1000 प्रकाशवर्षांवर रेणुरूप वायूचा एक मोठा ढग आहे. न्यू मेक्सिकोतील रेडिओ दुर्बिणींच्या व्हीएलए या संचाने तेथील नवजात ताऱ्यांची पाहणी केली होती. तिच्यात अगदी कोवळ्या ताऱ्यांपैकी सुमारे 57 टक्के ठिकाणी सोबती आढळले, तर त्यांच्याहून थोड्या मोठ्या वयाच्या गटात हे प्रमाण सुमारे 23 टक्क्यांवर आले होते. ही निरीक्षणे आणि हवाईतील दुर्बिणीने टिपलेले धुळीचे गाभे एकत्र ठेवून या दोघांनी गणिती प्रारूपे तपासली आणि सूर्यासारख्या वजनाचे तारे सारेच दूरदूरच्या जोड्यांनी, म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतराच्या 500 पटींहून अधिक अंतर राखून, जन्मत असावेत, असे मानले तरच आकडे जुळतात असा निष्कर्ष काढला. हे प्रारूप आहे आणि तेही एका ढगापुरते तपासलेले आहे, तेव्हा ‘सिद्ध केले’ हा शब्द अक्काने मागे घ्यावा.

पण खरी गंमत पुढे आहे. त्याच निबंधानुसार या जोड्यांपैकी सुमारे 60 टक्के जोड्या पहिल्या दहा लाख वर्षांच्या आतच फुटतात आणि उरलेल्या जवळ येतात. ज्या पाहणीचा हवाला दिला जातो, तिच्यात 24 समूहांत मिळून 55 तारे होते आणि एकटे तारे 45 होते. तेव्हा हा निबंध वाचून काही उपदेश करायचाच झाला, तर तो घटस्फोटाच्या बाजूने जास्त होईल. मी तसा करीत नाही, कारण ताऱ्यांना मतच नसते.

85 टक्क्यांचा आकडा चुकीचा आहे. सूर्याच्या शेजारच्या 454 सूर्यसदृश ताऱ्यांची शिरगणती 2010 मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात 56 टक्के एकटेच निघाले. आकाशगंगेत संख्येने सर्वाधिक असलेल्या तांबड्या खुज्या ताऱ्यांत तर सोबती असलेले जेमतेम चौथा हिस्सा आहेत. प्रचंड वजनाच्या तप्त निळ्या ताऱ्यांत मात्र एकटा क्वचितच सापडतो, पण असे तारे मुळात मूठभर असतात.

सूर्याच्या संहारक जोडीदाराची कल्पना 1984 ची आहे; दर 2 कोटी 60 लाख वर्षांनी जीवसृष्टीचा मोठा नाश होतो असे तेव्हा वाटले होते, त्याचे कारण म्हणून ‘नेमेसिस’ हा तारा सुचवला गेला. पुढे वाइज या अवरक्त दुर्बिणीने सारे आकाश पालथे घातले आणि 2014 मध्ये असे जाहीर झाले की, पृथ्वी-सूर्य अंतराच्या 26,000 पटींपर्यंत गुरूएवढादेखील पिंड तेथे नाही. सूर्याला जुळे भावंड असलेच, तर ते साडेचार अब्ज वर्षांपूर्वी वेगळे होऊन आकाशगंगेच्या गर्दीत मिसळले.

राहता राहिले वसिष्ठ आणि अरुंधती. नुसत्या डोळ्यांनी दिसणारी ती जवळीक आपल्या पूर्वजांनी टिपली आणि तिला सुंदर नावे दिली, यात वाद नाही. मात्र ते परस्परांभोवती फिरतात, हे डोळ्यांनी कळण्यासारखे नाही. दुर्बिणीतून पाहिल्यास वसिष्ठ दोन ताऱ्यांत दुभंगतो, आणि वर्णपटाने तपासल्यास त्या दोघांपैकी प्रत्येक पुन्हा दुहेरी निघतो, म्हणजे वसिष्ठ हा एकूण चार ताऱ्यांचा कुटुंबकबिला आहे. अरुंधतीलाही तिचा स्वतःचा एक मंद सोबती आहे, तो 2009 साली सापडला. आता लग्नात नवरीला हे तारे दाखवताना भटजींनी कोणता संसार समजावून सांगायचा, ते अक्कानेच ठरवावे.