स्टार ट्रेकमध्ये राजकारण 'आत्ता' शिरलं म्हणे!

स्टार ट्रेक या अमेरिकन अंतराळ-मालिकांच्या जळगाव-भुसावळकडच्या चाहत्यांमध्ये सध्या एक मराठी मजकूर या फोनवरून त्या फोनवर फिरतोय. म्हणणं थोडक्यात असं: जुन्या मालिकांत निखळ विज्ञान आणि साहस होतं, 2017 च्या 'डिस्कव्हरी' या नव्या मालिकेपासून त्यात राजकारण घुसवलं, बायका आणि कृष्णवर्णीय मुद्दाम पुढे आणले, विज्ञान जाऊन रडारड आली, आणि म्हणून खऱ्या चाहत्यांनी पाठ फिरवली. आपल्यातले चांगले जाणते लोकही त्याला पसंतीचा अंगठा देऊन मोकळे झालेत. तेव्हा एकेक मुद्दा घेऊच.

जुन्यात राजकारण नव्हतं म्हणे. मूळ मालिका अमेरिकेत 8 सप्टेंबर 1966 ला सुरू झाली आणि 3 जून 1969 ला संपली. व्हिएतनाम, शीतयुद्ध, वर्णद्वेषाविरुद्धची चळवळ, सगळं ऐन भरात होतं तेव्हा. 2 फेब्रुवारी 1968 ला दाखवलेला 'अ प्रायव्हेट लिटल वॉर' हा भाग बघा. एका मागास ग्रहावर क्लिंगॉन, म्हणजे शत्रुपक्षाचे परग्रहवासी, एका टोळीला चोरून बंदुका पुरवतात. मग अंतराळजहाजाचा कॅप्टन कर्क काय करतो? दुसऱ्या टोळीला तशाच बंदुका द्यायचं ठरवतो, आणि जहाजाचा डॉक्टर मॅकॉय भडकतो तेव्हा त्याला विसाव्या शतकात आशिया खंडात झालेल्या लढायांचा दाखला देतो. व्हिएतनाममध्ये कम्युनिस्टांचा टेटचा मोठा हल्ला सुरू होऊन तेव्हा आठवडाही झाला नव्हता. नाव घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. शेवटी कर्क जहाजाचा इंजिनिअर स्कॉटी याच्याकडे शंभर बंदुकांची मागणी नोंदवतो, तेही तोंड कडू करून. याला साहस म्हणायचं असेल तर म्हणा.

पुढच्या जानेवारीत आला 'लेट दॅट बी युअर लास्ट बॅटलफील्ड'. बील आणि लोकाई, एकाच ग्रहाचे दोघे. दोघांचेही चेहरे कपाळापासून हनुवटीपर्यंत मधोमध वाटलेले, अर्धा काळा, अर्धा पांढरा. बील लोकाईला हलक्या जातीचा समजतो आणि कर्क आणि त्याच्या हाताखालचा अधिकारी स्पॉक यांना त्याचं कारणच कळत नाही. बील वैतागतो: दिसत नाही का, माझी उजवी बाजू काळी आणि त्याची उजवी पांढरी! त्यांच्या ग्रहापाशी पोचतात तर तिथे एक माणूस जिवंत नाही, सगळे एकमेकांना मारून संपलेत. तरी हे दोघे भांडतच राहतात. खरं सांगायचं तर मला हा भाग नको तितका उपदेशाचा वाटतो. 'डिस्कव्हरी'सुद्धा इतकं कानीकपाळी ओरडत नाही.

मग हे आपल्याकडे कुणाला खटकलं कसं नाही? ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर ही मालिका लागायची तेव्हा रावेर-यावलपासून शिरपूर-शहाद्यापर्यंतच्या किती पोरांना त्यातलं इंग्रजी कळत होतं? घरात अहिराणी नाहीतर लेवा बोली, शाळा मराठी, एबीसीडी पाचवीत. खाली अक्षरं उमटायची सोय नाही. घरोघरी कृष्णधवल टीव्ही, त्यामुळे सदऱ्यांचे रंगही करडेच दिसायचे. लक्षात राहायचे ते स्पॉकचे कान, त्यानं खांद्याशी बोटं दाबली की आडवा होणारा माणूस, आणि चमचमत गायब होणारी माणसं. तीच पोरं आज पन्नाशीत आहेत, सबटायटल लावून नवी मालिका बघतात, शब्द न् शब्द कळतो, आणि वाटतं की हे भाषण आत्ताच सुरू झालं. भाऊ, भाषण तेव्हाही चालूच होतं.

आणि मधल्या काळाचं काय? 'डीप स्पेस नाइन' या मालिकेतला 1996 चा 'बार असोसिएशन' हा भाग माझा फार लाडका. क्वार्क हा फेरेंगी, म्हणजे नफा हाच धर्म मानणारा, बारमालक. त्याचा भाऊ रॉम त्याच्याकडेच नोकर. रॉमचा कान पिकतो, पण आजारपणाची रजा नाही. वर क्वार्क सगळ्यांचे पगार एक तृतीयांश कापतो. तो भोळा रॉम बारच्या कामगारांची युनियन काढतो, संप करतो आणि सख्ख्या भावाच्या तोंडावर कम्युनिस्ट जाहीरनाम्यातलं वाक्य फेकतो. अमळनेर-धुळ्याच्या गिरण्यांचे भोंगे ऐकत वाढलेल्या माणसाला हा भाग समजवायला कुणी लागू नये. त्याच मालिकेनं 1995 मध्ये 'पास्ट टेन्स' दाखवला. त्यात 2024 सालच्या सॅन फ्रान्सिस्कोत बेकार आणि बेघर लोकांना भिंतीआड कोंडून ठेवलंय. फिरणाऱ्या मजकुरात या मालिकेचं नाव 'सोनेरी काळ' म्हणून घेतलंय. लिहिणाऱ्यानं ती पाहिली असेल का, ही शंका आहेच.

दुसरा मुद्दा बायकांचा आणि कृष्णवर्णीयांचा. 'डीप स्पेस नाइन'चा सिस्को हा कृष्णवर्णीय नायक 1993 चा, 'व्हॉयेजर' मालिकेची कॅप्टन जेनवे ही बाई 1995 ची. 'डिस्कव्हरी'ची कृष्णवर्णीय नायिका मायकेल बर्नहॅम आली तेव्हा जेनवेची पोरं म्हणावीत अशी प्रेक्षकांची एक पिढी नोकरीला लागली होती. त्याहून मागे जायचं तर पहिल्याच पायलटमध्ये, म्हणजे वाहिनीला दाखवायच्या नमुना भागात, 'द केज'मध्ये, जहाजाची दुसऱ्या क्रमांकाची अधिकारी बाई होती. एनबीसी वाहिनीनं तो पायलट नाकारला आणि दुसऱ्या पायलटमधून ती गायब झाली. मूळ मालिकेत उहुरा या अधिकाऱ्याचं काम करणारी कृष्णवर्णीय निशेल निकोल्स पहिल्या वर्षानंतर मालिका सोडायला निघाली होती. मार्टिन ल्यूथर किंग यांनी भेटून थांबवलं, असं ती पुढे आयुष्यभर सांगत राहिली. किंग काय फक्त विज्ञानासाठी मालिका बघत होते?

जुन्या मालिकेची आरती ओवाळायचीही गरज नाही. तिच्या शेवटच्या भागात, 'टर्नअबाउट इंट्रूडर'मध्ये, स्टारशिप कॅप्टनांच्या जगात बायकांना जागा नाही असं एक पात्र स्वच्छ म्हणतं. बाई कॅप्टन झाली तर ते राजकारण, आणि बाईला मज्जाव केला तर ते निखळ मनोरंजन, हा हिशेब माझ्या डोक्यात बसत नाही.

तिसरा मुद्दा, 'खरं विज्ञान'. यावर फार शाई घालवत नाही. 1968 च्या 'स्पॉक्स ब्रेन'मध्ये स्पॉकचा मेंदू चोरीला जातो आणि मॅकॉय त्याचं धड रिमोटनं चालवतो. 1996 मध्ये 'व्हॉयेजर'च्या 'थ्रेशोल्ड'मध्ये वॉर्प 10 हा कमाल वेग गाठल्याचा परिणाम म्हणून जहाजचालक पॅरिस आणि कॅप्टन जेनवे यांची सरड्यासारखी जनावरं होतात, त्यांना पिल्लंही होतात. माणसांना किरणांतून उतरवायची ती प्रसिद्ध युक्तीही जहाज दर आठवड्याला ग्रहावर उतरवून दाखवणं परवडत नव्हतं म्हणून निघाली.

चौथा मुद्दा: चाहत्यांनी पाठ फिरवली. मूळ मालिका प्रेक्षकसंख्या कमी म्हणून तीन हंगामांत, 79 भागांत बंद झाली. तिसरा हंगाम मिळाला तोही ब्यो आणि जॉन ट्रिंबल या चाहत्या जोडप्यानं पत्रांची मोहीम चालवली तेव्हा. 'डिस्कव्हरी' पाच हंगाम, 65 भाग चालली. तेव्हाची वाहिनी आणि आत्ताचं ओटीटी यांची सरळ तुलना होत नाही हे मान्य. पण मग 'लोकांनी नाकारलं' हेही इतक्या सहज म्हणता येत नाही. आणि 1987 मध्ये कर्क-स्पॉकशिवाय 'नेक्स्ट जनरेशन' आली तेव्हा जुने चाहते हेच बोलत होते: हा आमचा स्टार ट्रेक नाही.

रडारडीबद्दल मात्र मजकुराशी थोडा सहमत आहे. 'डिस्कव्हरी'त विश्व बुडायला काही मिनिटं उरलेली असतात आणि दोघंजण कोपऱ्यात उभं राहून डोळ्यांत पाणी आणून मनातलं बोलत बसतात. दर हंगामात सगळ्यांचाच जीव टांगणीला, त्यामुळे कुणाचीच काळजी वाटेनाशी होते. हा दोष पटकथेचा आहे. रॉमच्या संपात राजकारण कमी नव्हतं, पण तो भाग हसवतो आणि पंचेचाळीस मिनिटांत काम संपवतो.

राहता राहिली एक गोष्ट. 1967 च्या 'स्पेस सीड'मध्ये खान नूनियन सिंग हा खलनायक येतो. त्याला बघून जहाजावरची इतिहासतज्ज्ञ अंदाज करते: उत्तर भारतातला असावा, बहुधा शीख. काम केलं मेक्सिकोच्या रिकार्डो मॉन्टलबाननं. 2013 च्या सिनेमात तोच खान झाला बेनेडिक्ट कंबरबॅच, गोरापान इंग्रज. भारतीय चाहत्यानं स्वतःच्या डोक्यानं तक्रारींची यादी केली असती तर ही तक्रार पहिल्या ओळीत आली असती. त्या मजकुरात ती शेवटच्या ओळीतही नाही, कारण तो अमेरिकेतल्या भांडणावरून जसाच्या तसा उतरवून घेतलाय.