ती सुरई अश्रूंची नाही

हंसासारख्या वळणदार मानेच्या निळ्या काचेच्या सुरईचा फोटो फिरतोय. सोबत मजकूर: ‘लढाईवर गेलेल्या नवऱ्याच्या विरहात इराणी बायका यात अश्रू साठवत.’ गोष्ट गोड आहे, पण तिला भक्कम पुरावा नाही. ‘अश्कदान’, म्हणजे अश्रुपात्र, हे नाव मात्र या सुरईला चिकटलंय; तोंडाचा पसरट, डोळ्यासारखा आकार पाहता नवल नाही.

या सुरया बहुतेक 19व्या शतकातल्या, इराणच्या काजार राजघराण्याच्या काळातल्या. फुंकून फुगवलेली काच गरम असतानाच मान ओढून पिळायची. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातही अशी एक आहे. उपयोग बहुधा गुलाबपाणी शिंपडायला, नाहीतर एखादं फूल खोचायला. थोडक्यात, आपल्या लग्नातल्या गुलाबदाणीची लांबची बहीण!