एमसीएसाठी आधी बीसीए करायची गरज नाही (माझीच पोस्ट चुकली होती)

गेल्या आठवड्यात मी लिहिलं होतं की बीकॉम, बीए वाल्यांना कॉम्प्युटरकडे वळायचं असेल तर आधी परत तीन वर्षं बीसीए (कॉम्प्युटरची बॅचलर डिग्री) करा, त्याशिवाय एमसीए (कॉम्प्युटरची मास्टर्स डिग्री) मिळत नाही. ते चूक आहे, आणि आता ते स्क्रीनशॉट होऊन फॅमिली ग्रुपमधून फिरतंय म्हणून हे लिहितोय.

एका मुलीच्या बाबांनी नियम दाखवा म्हटलं तेव्हा मी पहिल्यांदा एआयसीटीईची (तांत्रिक शिक्षणाचे नियम ठरवणारी केंद्रीय संस्था) पात्रता नीट वाचली (आधीच वाचायला हवी होती, खरंय). बीकॉम, बीए झालेल्यांनाही एमसीए करता येतं (बारावीला किंवा ग्रॅज्युएशनला गणित असेल तर उत्तम), ग्रॅज्युएशनला ५० टक्के लागतात, राखीव प्रवर्गाला ४५, आणि गणित किंवा कॉम्प्युटरचे विषय नसतील तर कॉलेज ब्रिज कोर्स (राहिलेले विषय भरून काढणारा जादा कोर्स) करायला लावतं. महाराष्ट्रात त्यासाठी राज्याच्या सीईटी सेलची एमसीए सीईटी ही प्रवेश परीक्षा द्यायची. कोर्सही २०२० पासून दोनच वर्षांचा आहे, म्हणजे माझं ऐकून कोणी बीसीएला गेलं तर तीन वर्षं उगाच जास्तीची.

दुसरी बॅचलर डिग्री कुठेच लागत नाही असंही नाही हां. वकील व्हायचं तर एलएलबी, हायस्कूलमध्ये शिकवायचं तर बीएड, तिथे पर्याय नाही. बीएस्सी नर्सिंग केल्याशिवाय एमएस्सी नर्सिंग होत नाही.

जुनी पोस्ट डिलीट केलीये, स्क्रीनशॉट आला तर प्लीज पुढे पाठवू नका, आणि ज्यांना पाठवलाय त्यांना हे पाठवा. फॉर्म भरण्याआधी त्या वर्षीचं सीईटीचं माहितीपत्रक स्वतः वाचा.