चाकाला पोट पाहिजे

आमच्या घरी टोमॅटो चिरत नाहीत, दडपतात. गेल्या दिवाळीत कोशिंबिरीचं सार झालं, तेव्हा मी जाहीर केलं की या घरातली पुढची सुरी मी स्वतःच्या हातानं करणार. बायको म्हणाली, "अहो, महाद्वार रोडला साठ रुपयांना मिळते." पण ती बोलेपर्यंत माझं ठरलं होतं.

मी गणिताचा शिक्षक. लोखंडाशी माझा संबंध कंपासपेटीपुरता. मात्र मोबाइलवर एकदा ठिणग्या बघायचा नाद लागला की झोप उडते. तिथले सगळे दाढीवाले एकच सांगत होते: पात्याला दोन्ही बाजूंनी उतार काढायचा तर बेल्ट ग्राइंडर हवा. २ इंच रुंद, ७२ इंच लांब एमरी पट्टा तीन-चार चाकांवरून पळतो आणि आपण त्याला लोखंड टेकवायचं. तयार यंत्राची किंमत ऐकली आणि घरीच बनवायचं ठरवलं. म्हणजे निघालो होतो सुरी करायला आणि लागलो सुरीचं यंत्र करायला. (ते यंत्र करायला आधी वेल्डिंग मशीन घ्यावं लागेल असं कळलं, तेव्हा मात्र मी थांबलो. माणसानं कुठंतरी थांबावं.)

कोल्हापुरात राहून लोखंडाचं काम अडत नाही. उद्यमनगरात शिरलो, ओळखीच्या ओळखीनं एक लेथवाले मिस्त्री गाठले आणि आलेखकागदावर काढलेलं ड्रॉइंग त्यांच्यापुढे ठेवलं. मिस्त्रींनी ते उलटं धरून बराच वेळ पाहिलं. "सर, ड्रॉइंग एक नंबर हाय. पर हे वरचं चाक सपाट ठेवलंय तुमी. पट्टा ऱ्हायचा न्हाई. चाकाला पोट पायजे." मी विचारलं, "पोट म्हणजे किती?" त्यांनी माझ्याकडं आपादमस्तक पाहिलं, मध्यावर जरा थांबले आणि म्हणाले, "तुमच्याएवढं नको."

मला राग आला. शिवाय भूमिती माझ्या बाजूनं होती. मधे फुगीर चाकावरून पट्टा दोन्हीकडं घसरणार, हे सातवीतलं पोरही सांगेल. मी सपाट चाक करून घेतलं.

मोटर भंगारातून आणली. दीड एचपी, थ्री फेज, २८०० आरपीएम. घरी वीज सिंगल फेज. त्यावर उपाय व्हीएफडी नावाचा डबा: आत एक फेज घालायची, बाहेर तीन निघतात, वर वेगही कमीजास्त करता येतो. डबा जोडला, मोटर फिरली, तात्यांनी खाटेवरून "शाब्बास" म्हटलं. पण पट्ट्याला लोखंडाची पट्टी टेकवली की मोटर थांबायची. ठिणगी नाही, काही नाही. जोरात टेकवली तर थांबायची, हळू टेकवली तर हळूच थांबायची. चार दिवस मी त्या डब्याची पुस्तिका वाचली. ती चिनी माणसानं इंग्रजीत लिहिलेली होती आणि दोघांपैकी कोणाचीच भाषा वाटत नव्हती.

शेवटी मोटर वाइंडिंगवाला आला. त्यानं मोटरवरचं झाकण उघडलं, आतल्या पितळेच्या पट्ट्यांकडं पाहिलं आणि विचारलं, "सर, ही स्टारमध्येच ठेवलीय व्हय?" स्टार आणि डेल्टा या मोटरच्या आतल्या तीन गुंडाळ्या जोडायच्या दोन पद्धती. झालं होतं असं, की मोटर स्टार जोडणीत ४१५ व्होल्टची, आणि माझा डबा देत होता घरच्याइतकेच २३०-२४०. इतक्या कमी दाबावर मोटर फिरते, पण जोर उरतो जेमतेम एक तृतीयांश. तिन्ही पट्ट्या काढून डेल्टात लावल्या की तीच मोटर २४० वर पूर्ण जोरानं चालते. कारण ४१५ भागिले २४० म्हणजे वर्गमूळ तीन. वर्गमूळ तीन! पंचवीस वर्षं मुलं मला विचारतायत, "सर, हे कुठं उपयोगाला येतं?" आणि पंचवीस वर्षं मी म्हणतोय, "पुढं कळेल." मला त्या दिवशी कळलं, दीडशे रुपये देऊन.

आता जोर आला आणि पट्टा उडाला. ४ इंची चाक, २८०० फेरे, म्हणजे मिनिटाला जवळपास ९०० मीटर. ताशी पन्नासच्या वर. मी स्कूटर चाळीसच्या पुढं नेत नाही. पट्टा कुंपणावरून पलीकडं गेला आणि शेजारच्या वहिनींच्या वाळत घातलेल्या सांडग्यांवर वेटोळं घालून बसला. वहिनींनी तो काठीच्या टोकावर धरून परत आणला. त्या बराच वेळ नुसत्या श्वास घेत होत्या.

चाक घेऊन पुन्हा उद्यमनगर. मिस्त्रींनी एक शब्द न बोलता ते लेथवर चढवलं आणि दोन्ही कडांकडून थोडं थोडं खरवडून मधे नखभर पोट ठेवलं. पट्टा गुमान मध्यावर आला. फिरता पट्टा चढाकडं ओढला जातो, उताराकडं नाही. का, ते मी आता कागदावर सिद्ध करून दाखवू शकतो. पण मिस्त्रींना कागद नको होता, चहा हवा होता.

मग खरं घासणं सुरू झालं. ट्रकच्या कमानपाट्याचा तुकडा आणला होता, पण मिस्त्रींनी दम भरला की आधी साध्या पट्टीवर हात बसवा. चार पट्ट्या मी भुगा करून टाकल्या. उजवी बाजू सुरेख उतरायची, डावी वाकडी. डावी सुधारली की उजवी जास्त दिसायची. पाचव्या पट्टीचा कोयता करायला घेतला होता, त्याची झाली सुरी, सुरीचा झाला चाकू, आणि चाकू तात्यांनी कान कोरायला मागितला.

भुग्याचं कोणी सांगितलं नव्हतं. मास्क, चष्मा सगळं होतं, तरी शिंक काळी येत होती. पण खरा प्रकार सकाळी उघड झाला. रात्री दोरीवर घातलेल्या तात्यांच्या ओल्या धोतरावर पोलादाची धूळ बसली आणि उजाडेपर्यंत गंजली. पांढऱ्या धोतरावर नारिंगी बुट्टी! तात्या ते नेसून देवळात गेले. "कुणी विचारलं तर सांगतो, पोरगं सुरी करतंय," म्हणाले. त्यानंतर ग्राइंडर कपड्यांच्या दोरीपासून सर्वांत लांब, संडासाच्या मागं गेला.

कमानपाट्याचं पातं अखेर झालं. मिस्त्रींच्या ओळखीच्या लोहारानं त्याला पाणी दिलं. (म्हणायचं पाणी, बुडवायचं तेलात.) राहिला शेवटचा हात. मी २४० नंबरचा पट्टा चढवला आणि बादली दोन पावलं लांब होती म्हणून एकदा, फक्त एकदा, तापलेलं पातं पाण्यात बुडवायचा कंटाळा केला. टोक पिवळं झालं, जांभळं झालं, निळं झालं. निळं म्हणजे पाणी उतरलं. त्याचंही आणि माझंही.

तरी मी घासत होतो. तेवढ्यात फाटकाशी सायकल थांबली. धारवाला. "साहेब, पट्टा उलटा चढवलाय," तो बाहेरूनच ओरडला. "जोड टकटक वाजतोय. निघंल." मी बंद करून पाहिलं. पट्ट्याच्या पाठीवर बाण होता आणि तो आकाशाकडं बोट दाखवत होता.

बायको विळी घेऊन बाहेर आली. त्यानं सायकल स्टँडला लावली, पायडल मारलं आणि दोन मिनिटांत विळी केस कापेल अशी करून दिली. मग माझ्या हातातलं पातं घेतलं, अंगठ्याच्या नखावर टेकवलं, निळ्या टोकाकडं पाहिलं आणि बायकोला विचारलं, "वहिनी, याला पण लावायची, का हे शोभेचं?"

"लाव बाबा," ती म्हणाली. "दोन्हीचे मिळून किती?"