‘शिकवलं की पोरं पळतात’ म्हणे

एक मेसेज सध्या सगळ्या ग्रुपवर फिरतोय, की कामगाराला शिकवलं की तो दुसरीकडे जातो, वेळेवर पगार दिला की खूश राहतो आणि शिकायचंच असेल तर त्यानं घरी युट्यूबवर शिकावं. मी चाकणला सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग मशीनच्या) लाईनवर आहे आणि मला यातलं काहीच पटत नाही.

शिकले की जातात? 2004 साली ईगन, यांग आणि बार्टलेट यांनी अमेरिकेतल्या आयटीवाल्यांचा अभ्यास केला त्यात उलटं दिसलं, जिथे शिकण्याचं वातावरण चांगलं तिथे लोक कामावर जास्त समाधानी आणि सोडून जायचा विचार कमी. काही जण जाणारच, त्यात वाद नाही. पण कोर्स करवून परत त्याच जुन्या कामावर उभं केलं तर तो थांबेल तरी कशाला?

पगाराचं म्हणाल तर पगार तुटपुंजा असेल तर आधी तो वाढवा, मीही तेच म्हणेन. पण नुसत्या पगारावर मन लागत नाही हो. आमच्याकडे नवीन पोरगं आठ तास पार्ट लावतं, क्लॅम्प करतं, सायकल स्टार्ट दाबतं, साइज बाहेर गेली की सेटरला, म्हणजे मशीन सेट करणाऱ्याला, हाक मारतं, आणि सेटर येऊन ऑफसेटमध्ये (टूल किती सरकवायचं त्या सेटिंगमध्ये) आकडा टाकून निघून जातो, का टाकला ते सांगत पण नाही. एक सेटर मात्र सांगतो, की बाबा इन्सर्ट (टूलचं कापणारं पातं) झिजला की ओडी, म्हणजे पार्टचा बाहेरचा व्यास, वाढत जातो म्हणून एक्समध्ये मायनस देऊन टूल आत घ्यायचं. त्याच्या हाताखालची पोरं रिजेक्शन व्हायच्या आधीच मायक्रोमीटर लावून बघतात, आणि कामाबद्दल बोलताना त्यांचा आवाजच वेगळा असतो.

आणि युट्यूब. मी पण बघतो, चांगलं असतं. पण तिथे मशीन नसतं आणि ‘हे मला कळलं नाही’ म्हटल्यावर थांबून समजावणारा माणूसही नसतो. टोयोटात अडचण दिसली की लाईनवरचा साधा कामगार दोरी ओढतो किंवा बटण दाबतो आणि टीम लीडर धावत येतो, ओरडायला नाही, मदतीला. आपल्याकडे विचारलं की ‘एवढं पण येत नाही का’, मग कोण विचारणार?

भिंतीवरच्या स्किल मॅट्रिक्समधले (कुणाला कोणतं काम किती येतं त्या तक्त्यातले) गोल ऑडिटच्या आदल्या दिवशी बसून काळे केले जातात, ते आधी थांबवा. शिफ्ट बदलताना दहा मिनिटं सेटरला पोरांसोबत उभं करा आणि ती दहा मिनिटं प्रॉडक्शनच्या टार्गेटमधून वजा धरा, नाहीतर कुणीच शिकवणार नाही.