पेनासाठी कार्ड, कार्डासाठी पेन

आमच्या भोसरीच्या कंपनीत सध्या लीन आलंय, म्हणजे अपव्यय काढून टाकून काम करायची टोयोटाची पद्धत. टेबलावर पिवळ्या टेपचे चौकोन आहेत: इथे कप, इथे स्टेपलर. माझा छोटा पितळी गणपती एकाही चौकोनात बसेना, तेव्हा त्याला लाल टॅग लागला आणि तीस दिवसांची नोटीस मिळाली. त्याने ती शांतपणे घेतली. मला नाही जमत.

परवा पेन संपलं. स्टोअरला गेलो.

"मामा, एक पेन द्या."

"कार्ड?"

"कसलं कार्ड?"

"कानबान." मामांनी हा शब्द वारीत 'ज्ञानबा' म्हणावं तितक्या भक्तीने उच्चारला. माल संपला की नवा मागवायचं हे कार्ड. त्यांचं अर्ध्या दिवसाचं ट्रेनिंग झालंय, सर्टिफिकेट मागे भिंतीवर आहे. त्याखाली पेनांचा अख्खा खोका.

"बाहेरच्या पेटीतलं कार्ड घ्या. भरा. रिकामी रिफिल जोडा."

कार्ड आणलं. "भरायला पेन द्या की."

"पेन कार्डावर मिळतं, साहेब."

"अहो, पेन नाही म्हणून तर कार्ड!"

"मंग कार्ड कशानं भरणार?" हे त्यांनी मलाच विचारलं, आणि उत्तराची वाटही पाहिली.

"त्या खोक्यातलं द्या."

"त्यो बफर स्टॉक हाय. हात लावला की ऑडिटला मी गेलो."

शेवटी दया येऊन त्यांनी स्वतःच्या खिशातलं पेन काढलं. माझ्या हातात दिलं नाही. कार्ड स्वतःच भरायला बसले. त्यावर मूळ कारण शोधायला पाच 'का' असतात. पेन का संपलं? लिहून. का लिहिलं? फॉर्म भरले. का भरले? लीन आलं. मामा थबकले. "असं नाय चालत," म्हणाले, आणि उरलेल्या रकान्यांत त्यांनी वळणदार अक्षरात लिहिलं: 'कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा.'

"मामा!"

"कायम हेच लिवतो. वर पास होतं."

घरी येऊन आईला सांगितलं, की साठा हाच अपव्यय. टोयोटाच्या ताइची ओनोंनी जे सात अपव्यय सांगितले त्यातला हा एक. आई कैऱ्या फोडत होती. "बरं. मग दिवाळीत लोणच्याला कैऱ्या तुझा ओनो आणून देणार का?"

ओनोंवर माझा राग नाही. अमेरिकेतल्या सुपरमार्केटात गिऱ्हाईक नेतं तेवढाच माल फळीवर परत भरतात, त्यावरून त्यांना कानबानची कल्पना सुचली. त्यात वाकडं काही नाही. टोयोटात तर चूक दिसली की साधा कामगारही दोरी ओढून अख्खी लाइन थांबवू शकतो. आमच्या ट्रेनिंगमध्ये टेपचा रंग कोणता यावर तासभर चर्चा झाली, दोरीची स्लाइड मात्र 'वेळेअभावी' गाळली. वेळ का नव्हता? सल्लागार पाऊण तास उशिरा आले. 'वाट पाहणे' हाही त्या सातांतलाच अपव्यय, पण तो फक्त आमच्या खात्यावर पडतो.

आणि दुपारचा दुसरा चहा बंद झालाय. कॅन्टीनपर्यंत चालत जाणं म्हणजे म्हणे अनावश्यक हालचाल. सल्लागारांचा चहा जागेवर येतो, त्यामुळे त्यांची हालचाल होत नाही. सोबत बिस्किटंही येतात.